कमान झोपत नाही: बोव्हेच्या अपुऱ्या कॅथेड्रलच्या निमित्ताने

ओळंबा

युरोपातील जुन्या चर्चची चर्चा निघाली की पॅरिस, शार्त्र, कोलोन, मिलान ही नावे आपोआप पुढे येतात. हा धागा मी मुद्दाम अशा एका चर्चविषयी काढत आहे, जे आठशे वर्षे होत आली तरी पूर्ण झालेले नाही. पॅरिसच्या उत्तरेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर बोव्हे नावाचे गाव आहे. तिथल्या सेंट पीटरच्या कॅथेड्रलला वेदीकडचा पूर्वेचा भाग आहे, दोन्ही बाजूंची आडवी दालने आहेत, परंतु पश्चिमेकडे जिथे भाविकांसाठी लांबलचक मध्यदालन असायला हवे, तिथे आडवी भिंत घालून काम थांबवलेले आहे. त्यामुळे आत शिरायचे ते दक्षिणेच्या आडव्या दालनाच्या दारातून. मी तिथे गेलो तेव्हा आत पाऊल टाकून उजवीकडे वळलो आणि मान वर केली, ती बराच वेळ खाली आणता आली नाही. छत ४८ मीटर उंचीवर आहे. आपल्याकडच्या सोळा मजली इमारतीएवढी पोकळी, आणि तीही केवळ दगड, चुना आणि थोडे लोखंड यांच्या आधारावर तोललेली. गॉथिक बांधणीच्या कोणत्याही चर्चमध्ये यापेक्षा उंच दगडी छत नाही.

या उंचीमागे शंभर वर्षांची वाटचाल आहे. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचा प्रमुख सुजेर याने मठाच्या जुन्या चर्चचा पूर्वभाग नव्याने बांधवून घेतला आणि ११ जून ११४४ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. टोकदार कमान, छताच्या कडांना उचलून धरणाऱ्या दगडी फासळ्या आणि भिंतींच्या जागी रंगीत काचा या तिन्ही गोष्टी तिथे प्रथमच इतक्या एकदिलाने एकत्र आल्या. फासळ्यांचे छत त्याआधी इंग्लंडमधल्या डरहमच्या कॅथेड्रलात, १०९३ ते ११३३ या काळात, बांधले गेले होते. पण तिथल्या भिंती अजून जाडजूड होत्या. सुजेरने स्वतः लिहून ठेवलेली एक हकीकत मला फार आवडते. छतासाठी लांब तुळया हव्या होत्या आणि सुतार सांगत होते की एवढी झाडे या भागात उरलेलीच नाहीत. तेव्हा सुजेर रात्री अंथरुणावरून उठला, तुळयांची मापे घेऊन स्वतः जंगलात गेला, आणि दुपारपर्यंत त्याला हवी तेवढी, बरोबर बारा झाडे सापडली. मठाधिपती असूनही तो तुळयांची मापे जवळ बाळगत होता, ही गोष्ट त्या काळाबद्दल पुष्कळ काही सांगते.

त्यानंतर छते चढत गेली. पॅरिसच्या नोत्र दामचे छत ३३ मीटर, शार्त्रचे ३६ मीटरच्या वर, रॅंसचे ३८, आमियाँचे ४२. बोव्हेचे जुने चर्च १२२५ साली आगीत सापडले आणि बिशप मिलों द नांतई याने नव्या कॅथेड्रलचा पाया घातला. पूर्वेचा भाग, म्हणजे क्वायर, १२७२ साली पूर्ण झाला.

बारा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १२८४ रोजी, त्या क्वायरचे छत कोसळले.

ते का कोसळले हे समजण्यासाठी कमानीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. भिंतीला तिरकी टेकवलेली शिडी आठवा. शिडीवर माणूस चढला की तिचे वजन खाली जाते हे खरे, पण तिचा पाय बाहेरही सरकू पाहतो, म्हणून कोणीतरी पाय रोवून धरावा लागतो. कमान म्हणजे माथ्याला माथा टेकवून उभ्या केलेल्या दोन शिड्याच. ती सतत दोन्ही पाय बाहेर ढकलत असते. अर्धगोल कमानीपेक्षा टोकदार कमानीची ही ढकल कमी असते, पण ती असतेच. गॉथिक गवंड्यांनी ही ढकल पेलण्यासाठी भिंत जाड करण्याऐवजी इमारतीच्या बाहेर, अंतर सोडून, दगडी धिरे उभे केले आणि त्या धिऱ्यांपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत अर्ध्या कमानी टाकल्या. यांनाच फ्लाइंग बट्रेस म्हणतात. भिंतीचे काम असे बाहेर गेल्यामुळे भिंत मोकळी झाली आणि तिथे काचा बसल्या. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने भारतातील हिंदू कारागिरांचे म्हणून एक वचन नोंदवले आहे: कमान कधी झोपत नाही. बोव्हेच्या बाबतीत मला यापेक्षा नेमके वाक्य सापडलेले नाही.

कोसळल्यानंतर त्या लोकांनी जे केले, त्यासाठी खरे तर मी हा धागा काढला आहे. छत कमी उंचीवर घेता आले असते. त्यांनी तसे केले नाही. क्वायरच्या सरळ भागात तीन रुंद गाळे, म्हणजे खांबाखांबांमधले भाग, होते. प्रत्येक दोन खांबांच्या मधोमध एक नवा खांब घालून त्यांनी तिनाचे सहा गाळे केले आणि जुन्याच उंचीवर छत पुन्हा घातले. फासळ्यांनी चार भागांत विभागलेले छत आता सहा भागांत विभागले गेले. अर्धवर्तुळाकार टोक मात्र पडले नव्हते, ते जुन्याच अवस्थेत राहिले. आज तिथे उभे राहिल्यावर दुरुस्ती उघड दिसते, कारण टोकाकडचे खांब आणि सरळ भागातले दाटीवाटीने उभे असलेले खांब एका हाताचे वाटत नाहीत. या दुरुस्तीत चौदाव्या शतकाची पहिली चार दशके गेली. पुढे शंभर वर्षांचे युद्ध सुरू झाले आणि काम दीडशे वर्षे रखडले.

आडव्या दालनांचे काम १५०० साली मार्तें शांबीज याच्या हाताखाली सुरू झाले आणि १५४८ च्या सुमारास पुरे झाले. यानंतर शहाणपणाचा मार्ग होता मध्यदालन बांधण्याचा. त्याऐवजी चर्चच्या मंडळींनी आडवी दालने आणि क्वायर जिथे मिळतात त्या चौकाच्या माथ्यावर मनोरा उभारायचे ठरवले. जाँ वास्त याने उभारलेला हा मनोरा १५६९ मध्ये पूर्ण झाला. खाली दगड, वर लाकडाचा सुळका, एकूण उंची १५३ मीटर. त्या घडीला जगात त्याहून उंच इमारत नव्हती. परंतु चौकाच्या चार खांबांपैकी पूर्वेच्या दोघांना क्वायरचा आधार होता, उत्तर-दक्षिणेला आडवी दालने होती, पण पश्चिमेला काहीच नव्हते. पश्चिमेचे दोन खांब ओळंब्यातून ढळू लागले. पाहणीला आलेल्या जाणकार गवंड्यांनी मध्यदालनाचे गाळे बांधून आधार द्या असा सल्ला दिला, पण निर्णय लांबत गेला. ३० एप्रिल १५७३, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. भाविकांची मिरवणूक चर्चबाहेर पडली आणि मागे मनोरा कोसळला. कोणाचाही जीव गेला नाही. त्यानंतर जो पैसा होता तो तुटलेले सांधण्यात गेला आणि मध्यदालन कायमचे राहून गेले.

कोणत्याही जुन्या चर्चला एकच तारीख देण्याची आपली सवय मला अपुरी वाटते. या इमारती सतत ढकलत असतात आणि कोणीतरी सतत त्यांना धरून ठेवत असते. आपण पाहिलेल्या चर्चमध्ये असे कोसळणे आणि सावरणे कुठे दिसले, ते कृपया सविस्तर लिहावे.

इंद्रायणीकाठ

लेख अतिशय आवडला. एक प्राथमिक शंका विचारते. चर्च, कॅथेड्रल आणि बॅसिलिका हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. यांत मोठ्या-छोट्याचा फरक आहे की आणखी काही? आणि गॉथिक हे नाव गॉथ टोळ्यांवरून आले असेल, तर त्या टोळ्यांचा या बांधणीशी काय संबंध?

ओळंबा

फरक आकाराचा नाही. कॅथेड्रा म्हणजे बिशपचे आसन. ते ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. म्हणून एखादे लहानसे कॅथेड्रल असू शकते आणि जर्मनीतील उल्मसारखे १६१ मीटर मनोऱ्याचे चर्च कॅथेड्रल नसते, कारण तिथे बिशपच नाही. बॅसिलिका या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पदवीचा, जी पोप देतात. दुसरा रचनेचा: रोमन काळातील सभागृहासारखे लांबट दालन, मध्ये उंच भाग, दोन्ही बाजूंना ठेंगणे भाग आणि उंच भागाच्या वरच्या खिडक्यांतून येणारा उजेड. रोममधील सांता साबिना हे ४२२ ते ४३२ या काळातले चर्च या रचनेचा उत्तम नमुना आहे. तिथे छत लाकडी असल्याने भिंतींना ढकल जवळजवळ नाही. छत दगडी करायचे ठरले तेव्हापासून सगळा प्रश्न सुरू झाला.

गॉथ टोळ्यांचा काहीही संबंध नाही. सोळाव्या शतकात वासारी हा कलालेखक आणि त्याच्या काळच्या इटालियन लोकांनी जुन्या रोमन रीतीशी तुलना करून या बांधणीला रानटी ठरवले, त्यातून हे नाव रूढ झाले. तेराव्या शतकात जर्मनीत तिला नुसते फ्रेंच पद्धतीचे काम म्हणत असत.

गणितप्रेमी

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. ओळंबा यांच्या विवेचनात थोडी भर घालतो आणि एका गोष्टीबद्दल सावध करतो.

बोव्हे पडले कारण ते फार उंच होते, असे सरसकट सांगितले जाते. अहंकाराला मिळालेली शिक्षा अशी त्याची गोष्टही केली जाते. दगडी इमारतीचे शास्त्र असे सांगत नाही. केंब्रिजचे प्राध्यापक जॅक हेमन यांनी १९६० च्या दशकात हे फार स्वच्छ मांडले. या चर्चमध्ये दगडावर येणारा दाब त्याच्या सोसण्याच्या शक्तीच्या मानाने अगदी थोडा असतो. दगड चिरडून इमारत पडत नाही. ती पडते ती भाराची रेषा, म्हणजे भार ज्या वाटेने जमिनीकडे उतरतो ती वाट, दगडाच्या जाडीतून बाहेर गेल्यामुळे, आणि हा प्रश्न बळाचा नसून आकाराचा, भूमितीचा आहे. म्हणूनच त्या काळचे गवंडी प्रमाणांचे नियम वापरत असत, अमुक रुंदीला तमुक जाडी, आणि ते नियम बरोबर ठरत. लहान नमुना ज्या प्रमाणात उभा राहतो, त्याच प्रमाणात मोठी इमारतही उभी राहते. पोलाद किंवा काँक्रीटच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

मग बोव्हे का पडले? विओले-ल-द्यूक या एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीकाराने वरच्या भागातील बारीक जोडखांबांकडे बोट दाखवले. चुना वर्षानुवर्षे हळूहळू आक्रसतो, आणि जिथे जाड दगडी काम आणि सडपातळ खांब शेजारी असतात तिथे भार एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट मार्क यांनी चर्चच्या छेदाचे प्लास्टिकचे नमुने केले, त्यांवर भार टाकला आणि ध्रुवित प्रकाशात त्यांतले ताण पाहिले. वाऱ्याच्या माऱ्याने बाहेरच्या धिऱ्यांमधल्या मधल्या खांबात ताण निर्माण होत असावा, चुना तिथे भेगाळत गेला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. उंचीचा दोष एवढाच की वर वारा जास्त असतो. गाळे रुंद ठेवल्याने प्रत्येक खांबाच्या वाट्याला मोठा भार आला हेही खरे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी नेमके तेच सुधारले. त्यांनी उंचीला हात लावला नाही, अंतर कमी केले. माझ्या मते हे निदान अचूक होते, आणि ते समीकरणे लिहिता न येणाऱ्या माणसांनी केले होते.

भाराच्या रेषेचे कोडे इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक याने १६७५ मध्ये सोडवले: साखळी दोन टोकांना धरून लोंबकळत सोडली की जो आकार होतो, तोच उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो. रोममधील सेंट पीटरच्या घुमटाला भेगा गेल्या तेव्हा पोलेनी या गणितज्ञाने खरोखरच एक साखळी ओवली, घुमटाच्या प्रत्येक भागाच्या वजनाप्रमाणे लहानमोठे गोल तिच्यात घातले आणि ती टांगून दाखवली. ती रेषा घुमटाच्या जाडीत बसत होती. १७४८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. घुमट सुरक्षित आहे, तरीही त्याभोवती लोखंडी कडी घाला, असा त्याचा सल्ला होता आणि तशी पाच कडी घातली गेली.

दुर्गभ्रमंती

जंजिऱ्यापासून राजगडापर्यंत चुन्यातले बांधकाम पाहत आलो आहे, म्हणून विचारतो. चुना धरेपर्यंत एवढ्या उंचीवरच्या कमानी कशा तोलत असतील? आणि एवढे दगड वर चढवायचे तरी कसे?

ओळंबा

कमानीखाली लाकडाचा साचा उभारत. सुतार हा साचा आधी जमिनीवर जुळवून पाहत, मग सुटा करून वर नेत. गवंडी दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणि शेवटी माथ्याचा दगड ठोकून बसवत. साचा लगेच काढता येत नसे. एका गाळ्याचे काम झाले की तोच साचा पुढच्या गाळ्यात नेत, कारण लाकूड महाग होते. परांचीही जमिनीपासून उभी नसे. भिंतीत भोके ठेवून त्यांत आडवे वासे खुपसत आणि त्यावर फळ्या टाकत. ती भोके अनेक चर्चमध्ये आजही मोजता येतात.

दगड चढवण्यासाठी चाकाची यारी असे. माणूस आत उभा राहू शकेल एवढे मोठे लाकडी चाक, आत एक-दोन माणसे चालत राहायची आणि दोर आसाभोवती गुंडाळला जायचा. छताच्या वर, बाहेरच्या शिशाच्या छपराखालच्या पोटमाळ्यात अशी चाके काही चर्चमध्ये अजून जागेवर आहेत. थंडीत चुना गोठून फुटतो, म्हणून हिवाळ्यात बांधकाम थांबे. अर्धवट भिंती पेंढा आणि शेणखताने झाकत. त्या महिन्यांत पाथरवट छपरीत बसून पुढच्या वर्षाचे दगड घडवत. इमारतींना इतकी दशके का लागत, याचे निम्मे उत्तर या हिवाळ्यांत आहे आणि उरलेले निम्मे पैशात.

ऱ्हाईनकाठ

गेली काही वर्षे मी कोलोनमध्ये राहतो, त्यामुळे यारीचा उल्लेख वाचून राहवले नाही. इथल्या कॅथेड्रलचा पाया १२४८ मध्ये घातला गेला. सोळाव्या शतकात पैसे आणि उत्साह दोन्ही संपले आणि काम बंद पडले. दक्षिणेचा मनोरा जेमतेम वर आला होता, आणि त्याच्या माथ्यावरची लाकडी यारी तशीच राहिली. ती सुमारे चारशे वर्षे तिथे उभी होती. पिढ्यान् पिढ्या शहराच्या चित्रांत अर्धवट मनोरा आणि त्यावरची यारी हीच कोलोनची ओळख होती. अखेर १८६८ मध्ये ती उतरवली.

मधल्या काळात पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा मध्ययुगीन आराखडा हरवला होता. चार मीटरांहून उंच अशा त्या चर्मपत्राचा एक अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मश्टाट येथे आणि दुसरा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये सापडला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये मूळ आराखड्याबरहुकूम १५७ मीटरचे दोन मनोरे उभे राहिले. फरक एवढाच की छपराचा सांगाडा या वेळी लोखंडाचा केला. मूळ आराखडा मिळाला म्हणून ही इमारत तेराव्या शतकातली म्हणावी की एकोणिसाव्या, हा प्रश्न इथल्या लोकांना फारसा पडत नाही, मला मात्र रोज पडतो.

ओळंबा यांनी लिहिलेले सतत धरून ठेवणे इथे डोळ्यांनी दिसते. १९४३ मध्ये बॉम्बने उत्तर मनोऱ्याच्या पायथ्याचा एक धिरा फोडला, तेव्हा घाईने विटा रचून ती खिंड बुजवली. युद्धानंतर कित्येक वर्षे ती विटांची पट्टी तशीच उघडी होती. दगड लावून ती झाकण्याचे काम २००५ मध्ये पुरे झाले. चर्चची स्वतःची कायमची कार्यशाळा आहे, तिला बाउहुट्टं म्हणतात. पाथरवट, लोहार, सुतार, काचकाम करणारे असे सगळे तिथे पगारी काम करतात. पावसाने आणि धुराने झिजलेला दगड काढायचा, तसाच नवा घडवून बसवायचा, हे चक्र संपत नाही. युरोपातील अशा कार्यशाळांची परंपरा युनेस्कोने २०२० मध्ये जतनाच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत घेतली. परांची नसलेले हे कॅथेड्रल मी अजून पाहिलेले नाही.

गणितप्रेमी

कार्यशाळांवरून मिलान आठवले. तिथल्या कॅथेड्रलचे काम १३८६ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या समितीच्या बैठकांची टिपणे आजही उपलब्ध आहेत, म्हणून तेव्हाची भांडणे जवळजवळ ऐकू येतात. इमारतीची उंची चौरसाच्या प्रमाणात धरायची की त्रिकोणाच्या, यावरच वर्षे गेली. १३९१ मध्ये पियाचेंझाहून स्तोर्नालोको नावाच्या गणितज्ञाला बोलावले. पुढे १३९९ मध्ये पॅरिसहून जाँ मिन्यो आला आणि त्याने धिरे अपुरे आहेत, इमारत पडेल, असे स्पष्ट सांगितले. स्थानिक कारागिरांचे उत्तर असे की शास्त्र वेगळे आणि कला वेगळी. त्यावर मिन्योचे वाक्य टिपणांत आहे: शास्त्रावाचून कला म्हणजे काहीच नाही. शेवटी त्याला काढून टाकले आणि चर्च मिलानच्या लोकांनी आपल्या पद्धतीने पूर्ण केले. ते आजही भक्कम उभे आहे.

मी शास्त्राच्या बाजूचा माणूस असूनही इथे स्थानिक कारागिरांना दोष देऊ शकत नाही. मिन्योचे शास्त्र म्हणजे उत्तर फ्रान्समधील प्रमाणे होती, आणि मिलानचे चर्च त्या मानाने ठेंगणे व रुंद, बाजूची दालनेही उंच. तिथे बाजूच्या दालनांनीच मधल्याला आधार दिला.

साबरमती ते शरावती

चर्चा उत्तम चालली आहे. फर्ग्युसनच्या वाक्याबद्दल मात्र एक नोंद करावीशी वाटते. ते वचन आपल्यापर्यंत एका स्कॉटिश लेखकाच्या लेखणीतून आले आहे आणि ते आपल्या कारागिरांना कमान जमत नव्हती याचे समर्थन म्हणून पुष्कळदा वापरले जाते. आपल्या मंदिरांत आडव्या तुळया आणि पुढे पुढे सरकवलेले थर यांनी छत धरले जाते; त्यात भार सरळ खाली जातो. ती एक निवड होती. बाहेर ढकलणारी रचना नको, असे ठरवलेल्या माणसाचे ते वाक्य आहे, असे समजून वाचले तर ते अधिक अर्थपूर्ण होते.

ओळंबा

आपली नोंद योग्य आहे आणि मला मान्य आहे. मी ते वाक्य दोन्ही पद्धती जाणणाऱ्या कारागिराचे निरीक्षण म्हणूनच घेतले होते; तसे मी तिथेच स्पष्ट करायला हवे होते.

जांभा

मी गोव्याचा आहे. इथली जुनी चर्च गॉथिक नाहीत, ती त्यानंतरच्या काळातली, पण कोसळणे आणि सावरणे आम्ही जवळून पाहिले आहे. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलला दर्शनी बाजूस दोन मनोरे होते; त्यांतला एक १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्यामुळे आज ती इमारत एका खांद्याने वर असल्यासारखी दिसते. शेजारच्या टेकडीवरील सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा मठ १८३५ च्या सुमारास ओस पडला, १८४२ मध्ये छत खाली आले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला मनोरा ४६ मीटर उंच आहे. माणसे निघून गेल्यावर सात-आठ वर्षांत छत जाते, ही गोष्ट त्या जागी उभे राहिल्यावर विसरता येत नाही.

बॉम जेझुसची कथा वेगळी. हे चर्च १६०५ मध्ये पवित्र झाले. बांधकाम जांभ्याचे, आणि जांभा पावसात झिजतो हे कोकणातल्या प्रत्येक घरमालकाला ठाऊक असते. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या वास्तुरचनाकाराच्या सल्ल्याने, दगडाचे मूळ रूप दिसावे म्हणून तो गिलावा काढून टाकला. आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसणारा तो लालसर तपकिरी रंग त्या निर्णयाचा परिणाम आहे. तेव्हापासून भिंती दर पावसाळ्यात थोड्या थोड्या झिजत आहेत. गिलावा पुन्हा द्यावा असे जाणकार सांगतात, आणि हेच रूप पाहत मोठे झालेले लोक त्याला विरोध करतात. मी स्वतः पूर्वी विरोध करणाऱ्यांत होतो. गेल्या काही पावसाळ्यांत भिंतीजवळून हात फिरवल्यावर बोटांना लागलेली माती पाहून माझे मत बदलले.

ओळंबा

जांभा, तुमच्या प्रतिसादाला बोव्हेमध्ये थेट जोड आहे. बाहेरच्या धिऱ्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या लोखंडी सळ्या तिथे जुन्या काळापासून होत्या. १९६० च्या दशकात त्यांतल्या काही सळ्या काढल्या गेल्या, कारण त्या रूप बिघडवतात आणि त्यांची गरज नाही, असे समजले गेले. त्यानंतर वाऱ्यात धिरे डोलू लागले, आणि पोलादी सळ्या लावून चूक दुरुस्त करावी लागली. मूळ रूप दाखवण्याच्या ओढीने आधारच काढून घेतला, हा प्रकार दोन्हीकडे साधारण एकाच पिढीत घडला. त्या पिढीला इमारतीचा पहिला दिवस तेवढा खरा वाटत होता. नंतरचे सगळे थर तिने भेसळ मानले.

लोखंडाबद्दल अलीकडे आपली समजूत बरीच बदलली आहे. गॉथिक म्हणजे शुद्ध दगडाचे काम आणि लोखंड नंतरच्यांनी घुसवले, असे सर्रास मानले जाई. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली, लाकडी छप्पर आणि एकोणिसाव्या शतकातील सुळका जळून गेला, आणि त्यामुळे एरवी झाकलेल्या जागा अभ्यासकांना पाहता आल्या. तेव्हा दगडांना जोडणारे लोखंडी आकडे अगदी ११६० च्या दशकापासूनचे, म्हणजे बांधकामाच्या सुरुवातीपासूनचे असल्याचे आढळले. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुजेरच्या बारा झाडांप्रमाणे या वेळीही ओकची झाडे शोधत लोक जंगलात गेले. सुमारे दोन हजार झाडे लागली आणि तुळया बऱ्याच अंशी कुऱ्हाडीने तासल्या गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले.

फेनकाठ

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सपाट, दलदलीच्या प्रदेशात राहते. इथे एली नावाच्या गावी १३२२ च्या फेब्रुवारीत कॅथेड्रलचा मधला मनोरा रात्री कोसळला. बोव्हेच्या लोकांनी जुन्याच उंचीचा हट्ट धरला. एलीच्या लोकांनी पूर्ण वेगळा विचार केला. मठातील अॅलन ऑफ वॉल्सिंगहॅम या व्यवस्थापकाने चार खांबांच्या चौकाचा नाद सोडला, पडलेला सगळा भाग साफ केला आणि त्या मोठ्या मोकळ्या जागेला आठ खांबांचा अष्टकोन केला. एवढ्या रुंदीवर दगडी छत टाकले तर खांब पेलणार नाहीत, म्हणून वरचा कंदिलासारखा भाग लाकडाचा केला. विल्यम हर्ली या सुताराने त्यासाठी सुमारे १९ मीटर लांबीचे ओकचे आठ खांब उभे केले. खालून पाहणाऱ्याला ते सगळे दगडाचेच भासते. आत गेल्यावर लांबलचक, अंधाऱ्या मध्यदालनातून चालत त्या अष्टकोनाखाली येताच डोक्यावर उजेड उघडतो, आणि तो उजेड एका अपघातामुळे मिळालेला आहे हे कळले की पावले तिथेच थांबतात.

इंद्रायणीकाठ

मी पुढच्या वर्षी मुलीकडे फ्रान्सला जाणार आहे. बोव्हेला जायचे नक्की केले आहे. तिथे काय चुकवू नये?

ओळंबा

सकाळी जा, क्वायरच्या पूर्वेकडच्या खिडक्यांत तेव्हा ऊन असते. सरळ भागातले खांब एकेक पाहत चला आणि मूळचा कोणता व नंतर मध्ये घातलेला कोणता, हे ओळखण्याचा प्रयत्न करा. उत्तरेच्या आडव्या दालनात लाकूड आणि पोलादाचे प्रचंड टेकू दिसतील. ते गेल्या शतकाच्या अखेरीस भिंती ढळत असल्याचे लक्षात आल्यावर बसवले. छायाचित्रात ते आले तर येऊ द्या.

मग बाहेर पडून पश्चिमेला वळसा घाला. तिथे कॅथेड्रलच्या भिंतीला जवळजवळ चिकटून एक लहान, साधे चर्च आहे, लाकडी छताचे. लोक त्याला बास-अव्र, म्हणजे खालचे काम, असे म्हणतात. हे दहाव्या शतकाच्या अखेरचे जुने कॅथेड्रल. त्यासाठी रोमन काळातील भिंतींचे लहान चौकोनी दगड पुन्हा वापरले होते. नव्या कॅथेड्रलचे मध्यदालन जसजसे पुढे सरकेल तसतसे हे पाडायचे, असा बेत होता आणि त्याचे बरेच गाळे पाडलेही गेले. मध्यदालन आले नाही, म्हणून तीन गाळे उरले. त्यांच्या भिंतींना कुठलेही धिरे नाहीत, कारण छत लाकडी आहे आणि ढकलणारे काहीच नाही. तिथून वळून कॅथेड्रलकडे पाहिले की ती आडवी बंद भिंत आणि तिच्यामागचे ४८ मीटर एकाच नजरेत येतात.